पाड्यापासून प्रा. आ. केंद्रापर्यंत: दुर्गम भागात आरोग्याची माणसं कशी उभी करायची

आशांची, म्हणजे गावपातळीवरच्या आरोग्य स्वयंसेविकांची, निवड होते, प्रशिक्षण होतं, बॅगा वाटल्या जातात, फोटो निघतात. दीड वर्षाने तीच बॅग उघडली तर थर्मामीटरचा सेल संपलेला, झिंकच्या गोळ्यांची मुदत उलटलेली आणि वजनकाट्याची झोळी घरातल्या पाळण्याला लागलेली. बाईला काम येत नव्हतं असं नाही. बॅग दिल्यानंतर तिच्याकडे कोणी फिरकलंच नाही.

म्हणून हा लेख नेहमीच्या क्रमाने जात नाही. आधी पाठीशी उभं राहणारी माणसं, औषधाची वाट आणि पैशाची सोय, भरती त्यानंतर. उदाहरण म्हणून एका आदिवासी प्राथमिक आरोग्य केंद्राचं क्षेत्र घेऊ. सरकारी निकषाप्रमाणे आदिवासी आणि डोंगरी भागात २०,००० लोकांमागे एक प्रा. आ. केंद्र आणि ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र धरतात. सपाटीवर हेच आकडे ३०,००० आणि ५,००० आहेत. मेळघाट, नंदुरबारचा सातपुडा, पालघरचा डोंगरपट्टा किंवा गडचिरोलीचा दक्षिण भाग, कुठेही हाच सांगाडा सापडेल.

आधी कागदावर हिशेब

लोकसंख्या २०,०००. हजारी २० जन्म धरले तर वर्षाला ४०० बाळंतपणं, म्हणजे महिन्याला ३३ च्या आसपास. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जायचं असतं, म्हणजे सहा भेटी. घरी बाळंतपण झालं तर जन्माच्या दिवसाची एक भेट वाढते. एवढ्या एकाच कामाच्या वर्षाला किमान २,४०० भेटी झाल्या. गरोदर बायका, लसीकरण, ताप आणि क्षयरोगाच्या गोळ्या हे सगळं त्यावर.

आता या भेटी किती जणींत वाटायच्या? १,००० लोकांमागे एक आशा हे सूत्र इथे लावलं तर एका बाईच्या वाट्याला चार पाडे आणि मधे दोन ओढे येतात. आदिवासी भागात पाड्यागणिक आशा घेण्याची मोकळीक योजनेतच आहे, ती वापरावी. किलोमीटर मोजत बसू नये, वेळ मोजावी, आणि तीही पावसाळ्यातली: शेवटच्या घरापर्यंत पायी अर्ध्या तासापेक्षा जास्त लागत असेल तर त्या पाड्याला वेगळी बाई. या हिशेबाने २०,००० लोकांत २० ऐवजी ४० ते ५० जणी लागतात.

याची एक किंमत आहे आणि ती आधीच ओळखलेली बरी. ४०० वस्तीच्या पाड्यात वर्षाला ८ बाळं जन्मतात. त्यातलं गंभीर आजारी बाळ वर्षातून एखादंच. जे वर्षातून एकदा करायचं ते हात विसरतात. पाडा जितका लहान, उजळणी तितकी जास्त.

भरतीच्या आधी पर्यवेक्षक

महाराष्ट्रात या पदाला गटप्रवर्तक म्हणतात. साधारण वीस आशांमागे एक असा बेत असतो. डोंगरात तो चालत नाही, आणि का ते साध्या गणितात दिसतं. प्रत्येक आशाला महिन्यातून दोन भेटी हव्यात, एक तिच्या घरी आणि एक तिच्यासोबत बाळंतिणीच्या घरी. वीस जणींच्या ४० भेटी होतात आणि महिन्यात फिरण्याचे दिवस जेमतेम २०. मीटिंगा आणि अहवाल वजा केले की १५ उरतात. डोंगरात दिवसाला दोनच पाडे होतात, म्हणजे ३० भेटी. त्यातल्या सहा-सात पाऊस, लग्नसराई आणि बाजाराचा दिवस खातातच. उरतात २४, म्हणून एका गटप्रवर्तकेकडे १२ च्या वर आशा देऊ नयेत. शासनाच्या मंजूर पदांत हे बसत नसेल तर संस्थेने किंवा ग्रामपंचायतीने वरची माणसं पुरवावीत. पैसे कमी असतील तर आशा थोड्या कमी घ्याव्यात, पण गटप्रवर्तक कमी करू नयेत.

गटप्रवर्तक निवडताना पदवी बघतात, दुचाकी येते का ते बघतात. त्याहून मोठी कसोटी म्हणजे ती दुसऱ्याच्या समोर न ओरडता चूक दाखवू शकते का. बाळंतिणीच्या घरी, सासूसमोर, ‘अगं तुला एवढंही येत नाही?’ असं एकदा म्हटलं की त्या आशाचं त्या घरातलं वजन संपलं. चूक अंगणाबाहेर आल्यावर सांगायची.

निवड: पाड्यावर, संध्याकाळी, तीन बैठकांत

१९७७ साली देशात गावोगावी आरोग्य कार्यकर्ते नेमायची योजना आली होती. तीन महिन्यांचं प्रशिक्षण आणि महिन्याला ५० रुपये मानधन. बहुतेक जागी पुरुष नेमले गेले, ते बहुधा गावातल्या वजनदारांच्या घरचे, आणि पुढे बऱ्याच जणांनी स्वतःचा छोटा दवाखानाच थाटला. त्याच्या आधीपासून जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून उलट वाट धरली होती. सुरुवातीला त्यांनी प्रशिक्षित नर्सबाई गावात पाठवून पाहिल्या, ते जमलं नाही. मग गावाने निवडलेल्या, त्यातल्या बऱ्याचशा निरक्षर आणि दलित बायकांना शिकवलं, आणि ते टिकलं. पुढे छत्तीसगडची मितानिन योजना २००२ मध्ये आणि देशभरची आशा योजना २००५ मध्ये आली, ती याच अनुभवांवर.

आशासाठी निकष असे आहेत: त्याच गावची रहिवासी, विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित, वय २५ ते ४५, शिक्षण दहावीपर्यंत, तशी बाई नसेल तर शिक्षणाची अट शिथिल करता येते. लग्न न झालेली हुशार मुलगी पुढे केली जाते तेव्हा मोह होतो, पण दोन वर्षांत ती सासरी जाणार असते आणि प्रशिक्षण तिच्यासोबत जातं.

पहिल्या बैठकीत फक्त काम काय आहे ते सांगायचं. रात्री-अपरात्री जावं लागेल, पगार नाही, कामाप्रमाणे मोबदला मिळेल, सरकारी नोकरी लागेल असं कोणी समजू नये. शेवटचं वाक्य तीन वेळा सांगावं, कारण तीन वेळा सांगूनही ‘पुढे परमनंट करतील’ ही आशा राहतेच. बैठक पाड्यावरच घ्यायची आणि बायका रानातून परत आल्यावर. ग्रामपंचायतीच्या गावी सकाळी ११ ला घेतलेल्या सभेत सरपंचाची सूनच निवडून येते. ती चांगलीही असू शकते, पण कातकरी वाडीत ती पाऊल टाकणार आहे का?

दुसरी बैठक आठ-दहा दिवसांनी, फक्त बायकांची. इथे नावं येऊ द्यायची. सुईणीला मुद्दाम बोलवायचं. जिच्या हातून पाड्यातली निम्मी पोरं जन्मली तिला डावलून नेमलेली आशा पहिल्याच बाळंतपणाला एकटी पडते. बऱ्याचदा सुईणीची सून किंवा लेक हीच उत्तम निवड ठरते. मेळघाटात भूमकाला, म्हणजे तिथल्या पारंपरिक वैदूलाही, विश्वासात घ्यावं. पोट फुगलेल्या बाळाला तापलेल्या विळ्याचे चटके देण्याची ‘डंबा’ ही प्रथा दटावून थांबत नाही. भूमकाने ‘आधी दवाखान्यात दाखवा’ म्हटलं की निदान बाळ वेळेत खाली येतं.

दोन-तीन नावं आली की प्रत्येकीला एक महिन्याचं चाचणीचं काम आणि त्याचे थोडे पैसे द्यायचे. घरागणिक यादी करायची: माणसं किती, पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई, सतत खोकणारं माणूस, कामासाठी बाहेर जाणारं कुटुंब. लिहिता येत नसेल तर शाळकरी पोराच्या मदतीने चालेल. महिन्याने कोणतीही दहा घरं निवडून यादी पडताळायची. दहातली आठ बरोबर असतील तर बाई घरोघरी गेली आहे. टोकाची, वेगळ्या जातीची घरंच यादीत नसतील तर निर्णय तिथेच झाला.

तिसऱ्या बैठकीत निवड जाहीर होते. त्याआधी घरी जाऊन नवऱ्याशी आणि सासूशी बोलणं राहता कामा नये. ‘रात्री कोण सोबत जाणार?’ हा प्रश्न त्यांनाच विचारायचा आणि उत्तर त्यांच्याकडूनच काढायचं.

स्थलांतराचं विसरू नये. दिवाळीनंतर वीटभट्टीला किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या पाड्यात आशाही जाते आणि होळीपर्यंत पाडा रिकामा नसला तरी तिच्याविना असतो. अशा ठिकाणी जोडी निवडावी: एक जाणारी, एक राहणारी. दोघींना शिकवायचं. जाणारीकडे बॅग असेल तर भट्टीवरच्या बायकांनाही तिचा उपयोग होतो.

शिकवायचं कसं

आशांच्या नवजात आणि बालआरोग्याच्या कौशल्यांसाठी २० दिवस ठरलेले आहेत, पाच-पाच दिवसांच्या चार फेऱ्यांत. सोयीसाठी दोन फेऱ्या जोडून दहा दिवसांत उरकायचा मोह टाळावा. दोन फेऱ्यांत सहा ते आठ आठवडे ठेवावेत आणि त्या काळात शिकलेलं एकच काम घरोघरी करून आणायला सांगावं.

एका तुकडीत २० ते २४ जणी, प्रत्येक १० ते १२ मागे एक शिकवणारी. सकाळी सराव, दुपारी जवळच्या गावातल्या खऱ्या घरात. निम्म्या जणींच्या कडेवर पोर असतं, म्हणून पोरं सांभाळायला दोन बायका आणि झोळ्या टांगायला जागा हवी. ही सोय नसली की पोर रडतं, बाई बाहेर जाते आणि नेमका श्वास मोजायचा तास तिचा बुडतो. गाडीभाडं पहिल्या दिवशीच रोख द्यावं. उसने पैसे घेऊन आलेली बाई पाच दिवस त्याच विवंचनेत असते.

भाषा सगळ्यात कमी लेखली जाते. कोरकू, माडिया, पावरी, वारली बोलणाऱ्या बायकांना छापील मराठीतली ‘धोक्याची लक्षणं’ पाठ होतात, ओळखता येत नाहीत. पहिल्याच दिवशी फळ्यावर दोन रकाने काढावेत: लक्षण आणि पाड्यातला शब्द. बाळ दूध ओढत नाही, बाळ लुळं पडलं, श्वास घेताना छाती आत जाते, या प्रत्येकासाठी बायकांकडे शब्द असतो. तोच शब्द पुढे तक्त्यावर आणि नोंदवहीत वापरायचा. डॉक्टरांनीही तो शिकावा, म्हणजे फोनवर बोलणं जुळतं.

एक कौशल्य जवळून पाहू: श्वास मोजणं. बाळ आईच्या मांडीवर, शांत, दूध पीत नसलेलं. रडत असेल तर थांबायचं. आशाला पुढच्या घरची घाई असते आणि इथेच बहुतेक चुका होतात. अंगडं वर करून पोट उघडं करायचं. दाराकडून उजेड पोटावर तिरका पडेल असं बसायचं, समोरून उजेड आला तर हालचाल दिसत नाही. पोट वर आलं आणि खाली गेलं की एक. पूर्ण एक मिनिट मोजायचं. नवजात बाळाचा श्वास लयीत चालत नाही, मधेच थबकतो आणि मग भराभर चालतो, म्हणून अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलं की आकडा हमखास चुकतो. दोन महिन्यांखालच्या बाळाचा आकडा ६० किंवा वर आला तर पुन्हा मोजायचं. दुसऱ्यांदाही ६० किंवा वर असेल तर दवाखाना. दोन महिने ते एक वर्ष या वयात ५०, आणि एक ते पाच वर्षांत ४० ही सीमा.

शंभरापर्यंत आकडे न येणारी बाई हे कसं करेल? गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने यावर साधं साधन वापरलं: एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांची रांग. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ठरलेला मणी गाठला तर श्वास जास्त. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या त्या प्रयोगात ३९ गावांतल्या आरोग्यदूतांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट दिसली. हे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं आणि पुढे आशांच्या घरभेटींचा पाया त्यातूनच घातला गेला. तिथल्या आरोग्यदूत जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला इंजेक्शनही देत, पण ते कडक देखरेखीखाली. ते पाहून आपल्याकडेही आशाच्या हाती सुई द्यावी असं वाटतं. देखरेख बसलेली नसताना ते करू नये. गावाला सुईची ओढ असतेच आणि एकदा सुई हाती आली की बाकीचं काम मागे पडतं.

उजळणी महिन्यातून एक दिवस, प्रा. आ. केंद्रावर. व्याख्यान नको. बाहुलीवर किंवा वॉर्डातल्या बाळावर प्रत्येकीने एकदा तापमान, एकदा वजन, एकदा श्वास. वीस मिनिटांत कोणाचा हात अडखळतो ते कळतं.

बॅगेत काय आणि किती

४०० वस्तीच्या पाड्याला सुरुवातीचा साठा असा पुरतो: ओआरएसची ४० पाकिटं, झिंकच्या २० मिलिग्रॅमच्या १४० गोळ्या, म्हणजे दहा मुलांचा प्रत्येकी १४ दिवसांचा पूर्ण कोर्स, पॅरासिटामॉलच्या १०० गोळ्या आणि मुलांसाठी सिरपच्या ५ बाटल्या, गरोदर बायकांच्या लोहाच्या लाल गोळ्या प्रत्येकी १८० च्या हिशेबाने, गरोदरपणाच्या तपासणीची १० किटं, मलेरियाच्या भागात रॅपिड टेस्टची २०. अवजारं म्हणजे डिजिटल थर्मामीटर, झोळीचा वजनकाटा, सेकंद दाखवणारं घड्याळ, टॉर्च, बाळाला गुंडाळायला दोन स्वच्छ फडकी.

प्रत्येक वस्तूची बिघडायची आपापली तऱ्हा आहे. थर्मामीटरचं बटण दाबून धरलं की तो फॅरनहाइटवरून सेल्सिअसवर जातो. मग नोंदवहीत ‘३६.८’ येतं आणि बाई घाबरून जाते, किंवा ते तसंच लिहिते आणि कोणी पाहत नाही. म्हणून दोन्ही आकडे शिकवायचे: बाळाचं काखेतलं तापमान ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट, म्हणजेच ३६.५ ते ३७.५ सेल्सिअस, ठीक. ९५.९ च्या खाली बाळ धोकादायक थंड पडलेलं असतं. वजनकाट्याची स्प्रिंग वापरून सैल पडते. दर महिन्याला मिठाचा एक किलोचा न फोडलेला पुडा टांगून पाहावा. ५० ग्रॅमपेक्षा जास्त फरक आला तर काटा बदलावा. काटा डोळ्यांच्या समपातळीवर धरून वाचायचा, झोळीचं वजन आधी शून्यावर आणायचं. २,५०० ग्रॅमखाली बाळ कमी वजनाचं आणि जास्त भेटींचं. १,८०० खाली सरळ दवाखान्यात, वाटेत आईच्या छातीला उघडं लावून. मलेरियाचं रॅपिड किट पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात खराब होतं, ते माठाशेजारी गार जागी ठेवावं आणि सांगितलेल्या मिनिटांनीच वाचावं; तासाभराने वाचलेली रेघ धरू नये.

झिंकचं एक जुनं दुखणं आहे. दोन दिवसांत जुलाब थांबतात आणि गोळ्या थांबवतात. सगळ्या १४ गोळ्या एकदम आईच्या हाती द्याव्यात, आणि दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी गोळी, हे तिथेच मोडून दाखवावं.

साठा निम्म्यावर आला की मागणी, संपल्यावर नव्हे. पावसाळ्यात रस्ता तुटणाऱ्या गावांना, पर्लकोटा नदीला पूर आला की अडकणारं भामरागड घ्या, जूनच्या पहिल्या आठवड्यात चार महिन्यांचा साठा पोचलेला असावा. गाडी तालुक्याला येते म्हणून आशांनी तिथे येऊन औषध न्यावं ही पद्धत कागदावर सुटसुटीत आहे आणि प्रत्यक्षात औषध तालुक्यालाच पडून राहतं. गटप्रवर्तकेच्या पिशवीतून गेलेलं औषध पोचतं.

रेफर केलेला माणूस परत पाठवला गेला तर

आशा रात्री एक वाजता बाळंतिणीला घेऊन खाली आली, केंद्राला कुलूप होतं किंवा ‘आता आणलंत? जा ग्रामीण रुग्णालयात’ असं ऐकून परतली, तर पुढची सहा महिने तिच्या शब्दावर कोणी हलत नाही. तिच्या शिकवण्यावर केलेला सगळा खर्च त्या दारात वाया जातो. म्हणून निवडीच्या आधी केंद्रात चार गोष्टी ठरवून घ्याव्यात: रात्री दार कोण उघडतं आणि त्याचा फोन, आशाची चिठ्ठी घेऊन आलेल्याला रांगेत न ठेवता आधी घ्यायचं, सोबत आलेल्या आशाला झोपायला गादी आणि सकाळी चहा, आणि माणूस घरी जाताना चिठ्ठीचा खालचा अर्धा भाग भरून परत, काय झालं, काय दिलं, आता घरी काय बघायचं.

१०८ ची गाडी बहुतेक ठिकाणी येते, पण रेंज आली तरच. प्रत्येक पाड्यात रेंज कुठे मिळते ती जागा ठरलेली असते, त्या टेकाडापर्यंत रात्री कोण पळेल ते आधी ठरवायचं. शिवाय तीन खाजगी गाड्यांची नावं, नंबर आणि आधी ठरवलेलं भाडं दारामागे लिहून ठेवावं. गाव आरोग्य समितीचा वर्षाचा १०,००० रुपयांचा निधी या भाड्यासाठी वापरता येतो, पण तो खर्च करायचा ठराव आधीच झालेला असला पाहिजे. डोलीने उतरवावं लागतं तिथे चार खांदे पुरत नाहीत, आठ लागतात.

पैसे, वेळेवर

एका बाळाच्या सहा भेटींचे आशाला २५० रुपये मिळतात. ते पडेपर्यंतचा प्रवास असा: फॉर्म भरायचा, एएनएमची (उपकेंद्राच्या सिस्टरची) सही, मेडिकल ऑफिसरची सही, तालुक्याला एन्ट्री, मग खात्यात. प्रत्येक पायरीवर कागद अडतो. बहुतेक वेळा कारण क्षुल्लक असतं, बाळाच्या वजनाचा रकाना रिकामा किंवा खातं आधारला जोडलेलं नाही. आशाला कळतं एवढंच की पैसे आले नाहीत.

तीन उपाय पुरतात. महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी सगळ्या सह्या एका टेबलावर. प्रत्येकीला चिठ्ठी: कशाचे किती मिळाले, काय नाकारलं, का. आणि पैसे उशिरा येणार असतील तर ते आधी सांगणं. बँकेत जाऊन यायला शंभर-दीडशे रुपये आणि एक दिवसाची मजुरी जाते, म्हणून मासिक बैठकीच्या दिवशीच बँक मित्राला केंद्रावर बोलवावं.

स्थानिक मुलींची एएनएम

बाहेरून आलेली सिस्टर दोन वर्षांत बदली मागते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१० च्या आणि २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत ग्रामीण भागातूनच विद्यार्थी घ्यावेत असं सांगितलं आहे. पण याला पाच वर्षं लागतात, आणि ती मोजून कामाला लागावं.

एएनएमचा अभ्यासक्रम बारावीनंतर दोन वर्षांचा, जीएनएम या नर्सिंग पदविकेचा तीन वर्षांचा. म्हणजे दहावीत असलेली मुलगी चार ते पाच वर्षांनी सिस्टर होईल. आश्रमशाळेत दहावीतल्या मुली हेराव्यात. मुलीचं गाव कुठलं, आईवडील तिथेच राहणार का, हेही पाहावं. अकरावीतच जातप्रमाणपत्र आणि जात पडताळणीला हात घालावा. पडताळणीला महिने लागतात आणि प्रवेशाच्या आठवड्यात जागा हातची जाते. इंग्रजीची भीती बारावीच्या सुट्टीत रोज दोन तास बसून घालवता येते.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल आणि भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, ते परिषदेच्या यादीत स्वतः पाहावं. तालुक्याच्या ठिकाणी ‘नर्सिंग’ची पाटी लावून एक वर्षाचं प्रमाणपत्र विकणारी दुकानं आहेत. त्यांच्या कागदावर नोंदणी होत नाही, नोंदणी नाही तर सरकारी जागेचा अर्जही नाही. बाप शेळ्या विकून फी भरतो, हे पालकांच्या बैठकीत स्पष्ट शब्दांत सांगायची गोष्ट आहे.

डॉक्टर आणि सीएचओ

सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्यांना राज्यात बंधपत्राची सेवा असते. त्यामुळे डॉक्टर येतो, टिकतो असं नाही. बंधपत्राचा डॉक्टर वर्षभरासाठीच आहे असं धरूनच घडी बसवावी, त्याच्याकडून पाच वर्षांची अपेक्षा ठेवून चिडू नये. कामाचा धागा सीएचओ (उपकेंद्रावरचा समुदाय आरोग्य अधिकारी), सिस्टर आणि गटप्रवर्तक यांच्या हाती असू द्यावा.

तरी तो एक वर्ष नीट राहावा यासाठी यायच्या आधी निवासस्थान स्वतः जाऊन पाहावं. नळ सोडून बघावा, संडासाचं दार लागतं का, छत गळतं का, रात्री वीज किती जाते. रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून ही दुरुस्ती होते आणि दीड महिना आधी सुरू केली तरच होते. पहिले १५ दिवस त्याला ओपीडीला जुंपू नये, रोज एका उपकेंद्राला आणि दोन पाड्यांना पाठवावं. एकटा डॉक्टर २४ तास, ३० दिवस धरला तर तिसऱ्या महिन्यात रजेवर जातो आणि रजा लांबते. शेजारच्या दोन केंद्रांनी मिळून रात्रीच्या पाळ्या वाटाव्यात.

आकडे खरे कसे राहतील

महिन्याला पाचच आकडे बघावेत: किती जन्म, त्यातल्या किती बाळांचं तिसऱ्या दिवसापर्यंत वजन झालं, किती रेफर आणि त्यातले किती पोचले, कोणतं औषध किती दिवस नव्हतं, मोबदला कोणत्या तारखेला पडला. शेवटचे दोन आकडे आशाचे नाहीत, वरच्यांचे आहेत, आणि ते त्याच बैठकीत त्याच फळ्यावर लिहावेत.

नोंदवही चाळताना शेवटच्या अंकाकडे लक्ष द्यावं. सगळे श्वास ४०, ४२, ४४ आणि सगळी बाळं २.५ ते २.८ किलो असतील तर मोजमाप घरी बसून झालं आहे. आदिवासी पाड्यात वर्षभर २.५ च्या खाली एकही बाळ नाही, हे होत नाही.

मृत्यूचं मात्र सांभाळून. बाळ दगावल्याची नोंद करणाऱ्या आशाला बैठकीत उभं करून जाब विचारला की पुढच्या वर्षी मृत्यू ‘कमी’ होतात: काही मेलेली जन्मली म्हणून लिहिली जातात, काही लिहिलीच जात नाहीत. ४०० जन्मांत वर्षभर एकही मृत्यू आणि एकही मृतजन्म नसेल तर स्मशानाच्या वाटेवर राहणाऱ्या माणसाला विचारावं. मृत्यू कळवला म्हणून कोणावर कारवाई होणार नाही हे मेडिकल ऑफिसरने स्वतः सांगावं आणि पहिल्या मृत्यूच्या वेळी ते पाळून दाखवावं.

एखादी काम सोडते तेव्हा

सोडणारच: नवऱ्याची बदली, आजारपण, कधी अंगणवाडीत लागलेली नोकरी. नवी निवडताना पुन्हा तीन बैठका घ्याव्यात, घाई असली तरी. बॅग आणि नोंदवही मोजून ताब्यात घ्यावी, आणि नवीला महिनाभर जुनीसोबत घरं फिरू द्यावीत. त्या महिन्याचे पैसे दोघींना. कुठल्या घरी कुत्रं सुटं असतं, कुठे आधी सासूशी बोलायचं, कुठली बाई गोळ्या घेते म्हणते आणि कणगीत टाकते, हे कोणत्याच नोंदवहीत सापडत नाही.